न दिलेली गोष्ट

वंदना म्हणताना कलावतीची जीभ अडखळली, असं आजवर कधी झालं नव्हतं. दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन ती जबलपूरला आली, तेव्हापासून सत्तावीस वर्षं रोजचा नेम एकच. पहाटे आंघोळ, दोन तसबिरींपुढे मेणबत्ती आणि उदबत्ती, मग त्रिशरण, मग पंचशील. पौर्णिमेला आठ शीलं, आणि दुपारचे बारा टळले की तोंडात घास नाही. तापानं फणफणली असतानासुद्धा पलंगावर उशीला टेकून तिनं म्हटलं होतं. महाराजपूरच्या कॉलनीत लेकी-सुनांना चार गोष्टी सांगायची वेळ आली की बायका तिचंच नाव घ्यायच्या. कलाबाईसारखं राहावं माणसानं, आवाज चढवत नाही न् नेम मोडत नाही.

त्या गुरुवारी ती दुसऱ्या शीलापाशी आली. न दिलेलं मी घेणार नाही. ‘न दिलेलं’ एवढं म्हणाली आणि थांबली. मागं हात जोडून बसलेल्या लक्ष्मणरावांनी थोडी वाट पाहिली, मग स्वतःच शील पूर्ण केलं.

"घसा बसला का तुझा?" उठताना त्यांनी विचारलं.

"हो, थोडा," ती म्हणाली.

घसा ठणठणीत होता. आदल्या दिवशी पोस्टमननं नागपूरचा दिवाळी अंक आणून दिला होता आणि त्यात सदतिसाव्या पानावर तिची गोष्ट छापून आली होती. स्पर्धेत पहिली आलेली. वर नाव, सौ. कलावती लक्ष्मणराव रंगारी. सून ज्योती नाचायचीच बाकी होती. "मम्मीजी, आप तो छा गईं! आणि आम्हाला सांगितलं नाही काहून?" लक्ष्मणरावांनी अंक काखेत मारला आणि फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या आपल्या सगळ्या दोस्तांना दाखवून आले. कलावतीनंही ते पान चारदा उघडलं होतं. नाव छापलेलं पाहून बरं वाटलं होतं तिला. ते बरं वाटलं, हेच तिला आता सगळ्यात जास्त खात होतं.

कारण ती गोष्ट मालनबाईची होती.

झालं होतं असं. विहारातलं महिला मंडळ दरवर्षी पावसाळ्यातला वर्षावास संपला की एक हस्तलिखित काढायचं. मंडळातल्या निम्म्या बायकांना लिहिता येत नसे, म्हणून कलावती वही घेऊन घरोघर जायची. बाई सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवायचं, शेवटी वाचून दाखवायचं, आणि खाली त्या बाईचं नाव घालायचं, अशी रीत. कोणी सासरची आठवण सांगे, कोणी ओवी, कोणी दीक्षेला नागपूरला पायी कशी गेली ते. नऊ वर्षांपूर्वी अशीच ती मालनबाईकडे गेली होती. मालनबाई तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, नवरा वारलेला, मुलगा तुळशीराम याच्याजवळ राहणारी. बोलायला फटकळ, पण त्या दिवशी तिचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

तुमसरकडच्या खाणीवर त्यांचं घर होतं तेव्हाची गोष्ट. थोरला सुखराम बापाचा मार खाऊन चौदाव्या वर्षी घरातून निघून गेला. अकरा वर्षांनी एका दुपारी दारात एक दाढीवाला माणूस आला, खाकी कपड्यातला. पाणी मागितलं. मालनबाईनं दिलं. पिता पिता तो अंगण पाहत राहिला. "घरात कोण कोण हाये?" म्हणाला. मालनबाईला संशय आला, तिनं उलट विचारलं, "तुले काहून पाहिजे?" शेवटचा घोट त्यानं लिंबाच्या बुडाशी ओतला, लोटा ठेवला आणि गेला. मालनबाई लोटा उचलायला वाकली आणि तिला ती ओली माती दिसली. लहानपणी सुखराम असंच करायचा. कितीही तहान असो, शेवटचा घोट झाडाला. तिनं रस्त्यापर्यंत धाव घेतली. खाणीचा ट्रक वळणावरून गेला होता.

"मंग?" कलावतीनं लिहिता लिहिता विचारलं होतं.

"मंग काय. थ्या दिवसापासून मी थे जागा वाळू देली नाही. रोज दुपारी एक घोट. जबलपूरले येईपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालनबाई गुडघे धरत कलावतीच्या दारात आली. "ते नको टाकू, बाई. तुळशीराम वाचते हस्तलिखित. त्याच्या बापाले मी मरेपर्यंत सांगितलं नाही का सुखराम येऊन गेला. बुढा दाराकडं पाहत पाहत गेला. पोराले कळलं तर म्हणंल, आई, तू बाबाले असं कसं ठेवलं?" कलावतीनं तिच्यासमोर वहीचं पान फाडलं, चुलीत घातलं. मालनबाई चहा पिऊन गेली. त्या वर्षी तिच्या नावावर एक ओवी आली.

पान जळलं, पण डोक्यातलं कसं जळेल? अंकाची जाहिरात आली तेव्हा कलावती आपलंच काही लिहायला बसली होती, खरंच. एक आई, एक घर सोडून गेलेला मुलगा. असं तर गावोगाव असतं. तीन पानं झाली आणि गोष्ट लाकडासारखी कोरडी. मुलगा दारात येतो, आई ओळखत नाही, पुढं काय? हात थांबला. आणि मग थांबलेल्या हातानं झाडाच्या बुडाशी पाणी ओतलं. त्यानंतर पेन उचलावंच लागलं नाही. तुमसरचं चांदा केलं, लिंबाचं सीताफळ केलं, नावं सगळी बदलली. आईला ओल्या मातीवर कपाळ टेकवून रडवलं. पाकिटाला डिंक लावताना मनाशी म्हणाली, नागपूरचा अंक इथं कोण वाचतो? आणि कोणाचं नाव आहे त्यात?

शुक्रवारी संध्याकाळी देवीदास सर घरी आले. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, विहाराच्या प्रत्येक कार्यक्रमात बोलणारे, माणूस भला. रविवारी सत्कार करायचं ठरवून आले होते. लक्ष्मणराव तर कमानिया गेटच्या बाजारातून शाल घेऊनच बसले होते, आपल्याच बायकोच्या सत्काराची. "मंडळाची शाल पातळ राहते," म्हणाले.

चहा देताना कलावतीनं धीर केला. "सर, एक विचारू? ही गोष्ट... अशी दुसरीकडे कुठं असली तर? म्हणजे कोणी म्हणालं की ही तुमची नाही?"

सर मनापासून हसले. "अहो कलाताई, आहेच ना दुसरीकडे! घर सोडून गेलेला परत येतो आणि घरचेच त्याला ओळखत नाहीत, ही गोष्ट समुद्रापलीकडच्या लोकांत आहे, बंगाल्यांत आहे, रशियात आहे, इथं आपल्या मंडल्याच्या गोंडांच्या गाण्यात आहे. कोणी त्याला राजा करतो, कोणी शिपाई, कोणी भिकारी. सांगाडा सगळ्यांचा एकच. सांगाड्यावर कोणाची मालकी नसते."

"मग ती चोरी नाही?"

"छे! चोरी कसली? साहित्य असंच चालतं. एकाच्या चुलीतला विस्तव दुसरा नेतो."

कलावतीच्या छातीवरचा दगड जरासा हलला. पण सर थांबणाऱ्यातले नव्हते. "आता तुमचं स्वतःचं म्हणाल तर ती ओली माती. तो शेवटचा घोट, आणि आईनं ती जागा वाळू न देणं. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, हे कुठं वाचलं नाही. तेवढं उसनं आणता येत नाही हो कोणाला. तेवढं तुमचं!"

दगड होता तिथंच येऊन बसला, दुप्पट होऊन. जगातल्या सगळ्या भाषांनी जे वाटून घेतलं होतं, त्याची तिला मोकळीक मिळाली. जे एकट्या मालनबाईचं होतं, तेच तिचं म्हणून तिच्या पदरात बांधलं गेलं.

शनिवारी दुपारी ती डब्यात खीर घेऊन मालनबाईकडे गेली. आधी सांगून टाकायचं, पाय धरायचे, असं घरून ठरवून निघाली होती. मालनबाई अंगणात खाटेवर वालाच्या शेंगा सोलत होती.

"आली का लेखिका!" तिनं लांबूनच टोमणा मारला. "खीर कायची? पोरगा झाला का छापखान्यात?"

"असंच आणली, मालनबाई."

"तुळशीराम सांगून राहिला होता, कलाकाकूचं नाव आलं म्हणे पुस्तकात. मले लय बरं वाटलं. आपल्यातली एक तरी लिहून राहिली. बस. न् वाच मले. आणलं ना सोबत?"

अंक पिशवीत होता. चश्मा पिशवीत होता, त्याच्या डबीवर तिची बोटं होती. "चश्मा घरी राहिला," कलावती म्हणाली. गुरुवारचं घशाचं सोडलं तर सत्तावीस वर्षांत इतकं सरळ, इतकं सोपं खोटं ती पहिल्यांदा बोलली. दुसरं शील गेलं होतं, त्याच्यामागून चौथंही गेलं.

"मंग तोंडानं सांग. काय हाये गोष्टीत?"

"एका आईची आहे."

"आयांच्याच राहते गोष्टी. बापाची कोण ऐकते!" मालनबाई हसली आणि मूठभर वाल तिच्या ओच्यात टाकले. कलावती शेंगा सोलत बसली. पाच शेंगा झाल्या, दहा झाल्या. प्रत्येक शेंगेबरोबर आता सांगते, आता सांगते. शेवटी तोंडातून निघालं ते भलतंच. "उद्या गुडघे दुखत असतील तर नका येऊ तुम्ही. गर्दी राहील."

मालनबाईनं हातातली शेंग तशीच धरून तिच्याकडे पाहिलं. "दुखते का म्हणून विचारतं, का येऊ नको म्हणतं?"

"नाही नाही, तसं नाही."

"मंग येते मी."

रविवारी ज्योतीनंच रिक्षा करून मालनबाईला आणलं. "दादी को मैं आगे बिठाती हूँ, गुडघे दुखते ना त्यांचे," म्हणत तिनं तिला पहिल्या रांगेत, भेडाघाटहून आणलेल्या संगमरवरी मूर्तीच्या अगदी समोर बसवलं. शेजारी तुळशीराम. सुनेचा चांगुलपणाही त्या दिवशी कलावतीला शिक्षेसारखा वाटला. तिची स्वतःची खुर्ची वर, माइकजवळ. खांद्यावर कमानिया गेटची जाड शाल. नोव्हेंबरात तिला घाम फुटला होता.

गोष्ट देवीदास सरांनी वाचली. चांगली वाचली. पहिल्या दोन पानांत मालनबाई ऐकत होती, मान डोलवत होती, मध्येच ज्योतीकडे वळून काही बोलली. मग दारात माणूस आला. त्यानं पाणी मागितलं. मालनबाईची मान डोलायची थांबली. शेवटचा घोट सीताफळाच्या बुडाशी पडला, आणि मालनबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, उन्हातून जाताना ओढावा तसा. तिनं वर कलावतीकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. तिनं रागानं पाहिलं असतं तर कलावतीनं ते झेललं असतं. तिला फक्त तो पदर दिसत राहिला. आई ओल्या मातीवर कपाळ टेकवून रडली तेव्हा बायकांनी डोळे पुसले आणि शेजारी बसलेला पस्तिशीचा तुळशीराम रुमालात तोंड घालून बसला.

मग सरांचं भाषण. राजा, शिपाई, भिकारी, सगळे आले. "सांगाडा जगाचा, पण ओल आमच्या कलाताईंची!" टाळ्या. "आता त्यांनी दोन शब्द बोलावेत."

कलावती उठली. तिला दोन शब्द पुरणार होते. ही मालनबाईंची. पण ते दोन शब्द म्हणणं म्हणजे मालनबाईला दुसऱ्यांदा लुटणं, तेही तिच्या पोरासमोर. आणि काही न म्हणणं म्हणजे शाल अंगावर घेऊन घरी जाणं. माइकपाशी उभी राहून ती नुसती श्वास घेत होती, तो श्वासच सगळ्या विहारात ऐकू जात होता.

"ही गोष्ट माझी नाही," ती शेवटी म्हणाली. "माझ्याजवळ होती एवढंच. मला ती कोणी दिली नव्हती. मी घेतली. टाळ्या वाजवू नका."

टाळ्या कडाडल्या. "नम्रता पाहा!" सर उठून म्हणाले. "मोठे लेखक हेच म्हणतात. गोष्ट माझी नाही, ती माझ्याजवळ आली!" लक्ष्मणराव ताठ बसून चारी बाजूंना बघत होते. कलावतीला वाटलं, आपण भर विहारात उघडं व्हायला गेलो आणि लोकांनी आपल्यावर आणखी एक शाल घातली.

चहा सुरू झाला तसा तिनं मालनबाईचा दंड धरला. "मी सोडते घरी." मालनबाईनं दंड सोडवला नाही. घराच्या ओट्यावर टेकल्यावर श्वास लागलेल्या आवाजात म्हणाली, "मी रडली नव्हती."

"अं?"

"तू मले रडवलं. मातीवर डोकं ठेवून. मी रडली नव्हती. बुढ्याच्या येण्याचा टाइम झाला होता, मी भाकरी टाकाले गेली. न् थ्या दिवशी भाकरी चांगल्या झाल्या. थे लिहाले पाहिजे होतं तुले. घेतलंच होतं तर सगळं घ्यायचं होतं."

कलावती तिच्या पायाशी बसली. "मालनबाई, माझं चुकलं. मी काल सांगायलाच आली होती. चश्मा होता माझ्याजवळ."

"मले माहीत हाये. डबी वाजत होती पिशवीत." मालनबाईनं पाय आखडून घेतले, धरू दिले नाहीत. "तू गाव बदललं, झाड बदललं. म्हणून मी गुमान बसली. म्हणलं, जाऊ दे, ऐकतील न् चहा पिऊन विसरतील. मंग तू उठून 'माही नाही' काहून म्हणली?"

"सहन होत नव्हतं. मनावर ओझं होतं."

"तुह्या मनावर! न् थे उतरवून कोणाच्या डोक्यावर ठेवलं तू? माह्या बाजूले पोरगा बसला होता ना. त्यानं तवाच मान वर केली. मी पाहिलं." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुले तुह्या नेमाची पडली होती, बाई."

इतकी वर्षं ती रोज पाच गोष्टी म्हणत आली होती आणि त्या आपण मोडत नाही याचं आपल्याला केवढं अप्रूप होतं, हे तिला त्या ओट्यावर कळलं. कबुली दिली तीही आपलंच अंग धुऊन निघावं म्हणून.

तेवढ्यात तुळशीराम आला. हातात अंक, कोणाकडून तरी मागून आणलेला. डोळे अजून लाल. आईला ओट्यावर पाहिलं, मग खाली बसलेल्या कलावतीला.

"काकू, खाली काहून बसल्या? खुर्ची आणू का?"

"नको बापू."

तो जरा घुटमळला. "एक विचारायचं होतं. आमचा दादा होता, सुखराम. मी लहान होतो तवा गेला तो. मले त्याचा चेहरा आठवत नाही. पण पाणी... आंगणात झाडाले तो पाणी टाकायचा असं मले अंधुक आठवते. का मीच आता ऐकून मनानं जोडलं, कोण जाणे." तो ओशाळून हसला. "न् तुम्ही तिथं म्हणल्या, गोष्ट तुमची नाही, कोणाची तरी हाये. मंग कोणाची हाये, काकू? कोणी सांगितली तुम्हाले?"

मालनबाई रस्त्याकडे पाहत होती. तिनं काही खूण केली नाही, काही मागितलं नाही. फक्त तिचा हात ओट्याच्या कडेला घट्ट धरलेला होता आणि नखं पांढरी पडली होती.

कलावती उठली. साडी झटकली. आपल्या नेहमीच्या हळू, गोड आवाजात, ज्यावर सगळी कॉलनी विश्वास ठेवायची, ती म्हणाली, "कोणी नाही रे. तसं म्हणायची पद्धत असते स्टेजवर. सर म्हणाले ना? माझीच आहे गोष्ट. मनानंच लिहिली."

"ती माती? ती पण?"

"ती पण माझीच."

तुळशीराम तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरलं. सुटका होती की निराशा, कलावतीला सांगता आलं नाही. "खूप खरी वाटली हो," तो म्हणाला. खिशातून पेन काढून त्यानं सदतिसावं पान उघडलं. "सही द्या मंग. आईजवळ ठेवतो अंक. तिलेही आवडली, नाही का आई?"

मालनबाई "हूं" म्हणाली.

कलावतीनं अंक ओट्यावर, मालनबाईच्या मांडीशेजारीच ठेवला, कारण दुसरीकडे सपाट जागा नव्हती. छापलेल्या नावाखाली तिनं पुन्हा आपलं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. मालनबाईला वाचता येत नव्हतं. तरी ती शेवटच्या अक्षरापर्यंत पेनाकडे पाहत होती.